बॉल पायथनचं घर कसं लावायचं: पेटी, उष्णता आणि ओलावा (पहिल्यांदा पाळणाऱ्यांसाठी)

नवीन पाळणाऱ्यांच्या तक्रारी ऐकल्या तर बहुतेक एकाच जागी येऊन थांबतात. कात तुकड्यातुकड्यात निघाली, साप तोंड उघडं ठेवून श्वास घेतोय, पोटाखालचे खवले लालसर झालेत, दिवसभर पाण्याच्या भांड्यातच बसून राहतो. मग कोणी सांगतं रोज स्प्रे मारा, कोणी सांगतं पाणी अजिबात घालू नका, आणि माणूस दोन्ही ऐकून अजून गोंधळतो. माझं म्हणणं थोडक्यात असं आहे की ओलावा खालच्या थरातून यायला हवा, वरची जागा कोरडी राहायला हवी, आणि साप घरी यायच्या आधी रिकामी पेटी आठवडाभर चालवून बघायलाच हवी. हे का आणि कसं ते खाली लिहिलंय, लांबलचक झालंय पण एकदा नीट वाचा.

आधी एक गोष्ट डोक्यात ठेवा. बॉल पायथन हा साप मूळचा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला, घाना, टोगो, बेनिन या भागातून जगभर गेला. तिथलं गवताळ रान वरून कोरडं दिसतं पण हा दिवसभर उंदरांच्या बिळात किंवा वारुळात बसलेला असतो, आणि बिळातली हवा वरच्यापेक्षा बरीच दमट असते. म्हणजे आपल्याला रान नाही, बीळ तयार करायचंय. अंधार, अंगाला चिकटेल इतकी अडचणीची जागा, ऊबदार, दमट, पण चिखल नाही.

१. आधी कागदपत्रं

हे सगळ्यात आधी, कारण पेटी नंतर बदलता येते, हे नाही.

भारतातला कुठलाही रानातला साप घरात ठेवायचा नाही. धामण, दिवड, अजगर, मांडूळ, काहीच नाही, तो वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. घरात साप निघाला तर सर्पमित्राला किंवा वनविभागाच्या १९२६ हेल्पलाईनला फोन करायचा, बस.

बॉल पायथन परदेशी आहे पण म्हणून मोकळं रान नाही. वन्यजीव कायद्यात २०२२ ला दुरुस्ती झाली, ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे, त्यात साइट्स करारातल्या (वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरचा करार) प्राण्यांसाठी वेगळी अनुसूची ४ आली आणि बॉल पायथन त्यात बसतो. नोंदणीचे नियम फेब्रुवारी २०२४ मध्ये आले. त्याप्रमाणे साप ताब्यात आला की ३० दिवसांत केंद्र सरकारच्या परिवेश या ऑनलाईन पोर्टलवरून राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांकडे नोंदणीचा अर्ज करायचा असतो. त्यामुळे विकत घेताना हे मागून घ्या:

- पक्कं बिल, त्यावर जात, वय, नर की मादी हे लिहिलेलं
- विकणाऱ्याकडे त्या सापाची नोंदणी झाल्याचे कागद
- सापाचे स्पष्ट फोटो, वरून आणि बाजूने
- तुमचं ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा स्कॅन करून तयार

"कागद नंतर पाठवतो" असं कोणी म्हणालं तर तिथून उठा. किंमत कितीही कमी असू दे. आणि हेही लक्षात घ्या की हा साप २०-३० वर्षं सहज जगतो. अमेरिकेत सेंट लुईसच्या प्राणीसंग्रहालयात एका मादीने २०२० साली अंडी घातली तेव्हा तिचं वय ६० च्या पुढे असल्याचा अंदाज होता. नोकरी, लग्न, घर बदलणं हे सगळं या सापासकट होणार आहे, घरच्यांशी आधीच बोलून घ्या.

२. सामानाची यादी

- पेटी किंवा टब, कुलूप लागणारं
- हीटर आणि त्याला थर्मोस्टॅट, म्हणजे तापमान बघून हीटर चालू-बंद करणारं यंत्र (थर्मोस्टॅटशिवाय हीटर घेऊच नका)
- प्रोब (वायरच्या टोकाचा सेन्सर) असलेले दोन डिजिटल थर्मोमीटर-हायग्रोमीटर, म्हणजे तापमान आणि ओलावा मोजणारे मीटर
- टेम्परेचर गन
- कोकोपीट आणि नारळाच्या सोडणाचे तुकडे
- थोडं स्फॅग्नम मॉस, नर्सरीत ऑर्किडसाठी मिळतं ते
- एकसारखी दोन लपणं (सापाला लपायच्या जागा) आणि एक ओल्या मॉसचा डबा
- जड बुडाचं पाण्याचं भांडं, साप अंगाने उलटवणार नाही असं

टेम्परेचर गनमध्ये एक गफलत होते. कोविडच्या वेळची कपाळाला लावायची गन घरात पडलेली असते ती काढून वापरतात, ती माणसाच्या अंगाचं तापमान मोजायला असते, पेटीच्या जमिनीचं बरोबर दाखवत नाही. इंडस्ट्रियल गन इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळते, तीच घ्या.

३. जागा

खिडकीसमोर नको, थेट ऊन काचेवर आलं तर पेटी थोड्या वेळात भट्टीसारखी तापते. एसीच्या झोताखाली नको. टीव्हीच्या स्पीकरजवळ नको. स्वयंपाकघरात नको.

देवघराच्या खोलीतही नको, हे ऐकायला विचित्र वाटेल पण रोजची उदबत्ती, धूप, डासांची कॉइल, लिक्विडचं मशीन यातलं काहीही त्याच खोलीत चालू नको. सापाला धुराचा त्रास होतो आणि पेटीत हवा तशीही संथ असते. मुंग्यांचा खडू तर पेटीच्या आसपासही ओढू नका, त्यात कीटकनाशक असतं. मुंग्या येत असतील तर स्टँडचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा, जुन्या काळी दुधाच्या कपाटाला करायचे तसंच.

४. पेटी

पिल्लाला मोठी पेटी लगेच लागत नाही, २५-३० लिटरचा घट्ट झाकणाचा प्लास्टिक टब चालतो, बाजूंना सोल्डरिंग आयर्नने भोकं पाडायची, आतली बाजू घासून गुळगुळीत करायची. मोठ्या सापाला मात्र ४ फूट लांब, २ फूट रुंद, २ फूट उंच एवढी जागा द्या. मादी ४-५ फुटांपर्यंत जाते, तिला अंग सरळ करता आलं पाहिजे.

मटेरियलचा ओलाव्याशी थेट संबंध आहे म्हणून यावर जरा थांबतो. मत्स्यालयाच्या दुकानातून काचेचा टँक आणून वर जाळी टाकणं हे सगळ्यात सोपं आणि ओलाव्यासाठी सगळ्यात वाईट, कारण गरम दमट हवा सरळ वर निघून जाते. असा टँक आधीच घेतला असेल तर फेकू नका, जाळीचा तीन चतुर्थांश भाग अॅक्रिलिक शीटने झाका, उरलेला उघडा ठेवा, फक्त हीटर जाळीवर ठेवला असेल तर त्याच्या खाली आणि आसपास प्लास्टिक अजिबात नको.

नव्याने करणार असाल तर माझा सल्ला पीव्हीसी बोर्डचा. किचन ट्रॉली करणारे जे लोक असतात त्यांच्याकडे १२ किंवा १८ एमएमचा बोर्ड असतो, माप दिलं की ते करून देतात, पुढे सरकत्या काचा लावायच्या आणि त्याला शोकेसचं कुलूप, मोबाईलच्या दुकानात काउंटरला असतं ते. कुलूप हौस म्हणून सांगत नाहीये, साप रात्रभर काच ढकलत बसतो आणि जरा फट मिळाली की गेला. दोन काचा एकमेकींवर जिथे येतात तिथली फटही बघून घ्या, पिल्लू तिथून जातं. प्लायवूड घेतलं तर आतून पूर्ण सील करा नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात फुगेल. सांध्यांना मत्स्यालयाचंच सिलिकॉन भरा, बाथरूमच्या सिलिकॉनमध्ये बुरशीनाशक असतं, आणि आंबट वास पूर्ण जाईपर्यंत साप आत सोडू नका.

हवेची भोकं दोन बाजूंना: थंड बाजूला खाली, गरम बाजूला वर. मग हवा आपोआप हळूहळू फिरते.

५. उष्णता

ओलाव्याच्या आधी उष्णता लावून घ्यायची, कारण ती बदलली की ओलाव्याचा आकडा पण बदलतो.

गरम बाजूला ३१ ते ३३ अंश, थंड बाजूला २५ ते २७, रात्री २४ च्या खाली जाऊ द्यायचं नाही, आणि कुठेही साप टेकेल तिथे ३५ च्या वर नाही.

सिरॅमिक हीट एमिटर (उजेड न देता नुसता तापणारा बल्बसारखा हीटर) किंवा वर बसवायचा हीट पॅनल चांगला, हीट मॅट लावली तर पेटीच्या बाहेरून खाली, जमिनीच्या एक तृतीयांश भागालाच. मॅटवर जाड कोकोपीट टाकलं की उष्णता अडकते आणि खाली जास्त तापतं, म्हणून जाड थराच्या पेटीला वरूनच उष्णता द्या. आत ठेवायचे हीटिंगचे दगड मिळतात ते घेऊ नका, साप त्यावर बसून भाजतो तरी उठत नाही. एमिटरला जाळीचा पिंजरा लावा, साप त्याला विळखा घालायला जातो.

थर्मोस्टॅट महागच हवा असं नाही, अंड्यांच्या इन्क्युबेटरला लावतात तो एसटीसी-१००० सारखा ऑन-ऑफ कंट्रोलर चालतो, फक्त वायरिंग इलेक्ट्रिशियनकडून बंद डब्यात करून घ्या. प्रोब केबल क्लिपने स्क्रू करून पक्का बसवा. सापाने प्रोब ओढून थंड बाजूला नेला तर थर्मोस्टॅटला वाटतं अजून थंडच आहे आणि हीटर थांबतच नाही. आणि चिकटपट्टी पेटीच्या आत कुठेही नको, सेलोटेप नाही, डबल टेप नाही, ती सापाच्या अंगाला चिकटते आणि काढताना खवल्यांसकट निघते.

६. मोजायचं कसं

गोल घड्याळासारखे काट्याचे हायग्रोमीटर दिसायला छान असतात पण त्यांच्यावर भरवसा ठेवता येत नाही. डिजिटल घ्या, आणि तोही तपासून घ्या. तपासणी घरीच होते: बाटलीच्या झाकणात साधं मीठ घ्या, थेंब थेंब पाणी टाकून ओल्या वाळूसारखं करा, विरघळवायचं नाही, ते झाकण आणि हायग्रोमीटर झिपलॉक पिशवीत बंद करून रात्रभर ठेवा. सकाळी ७५ टक्के दिसायला हवं. ७० दाखवत असेल तर तुमचा मीटर ५ ने कमी दाखवतो, त्यावर मार्करने तसं लिहून ठेवा.

एक मीटर गरम बाजूला, एक थंड बाजूला, दोन्ही साप असतो त्या उंचीवर, झाकणाला चिकटवून नाही. दोन का लागतात ते सांगतो. २४ अंशाच्या हवेत ६० टक्के ओलावा असेल आणि तीच हवा ३२ अंशापर्यंत तापवली तर पाणी तेवढंच राहूनही आकडा साधारण ३८ वर येतो. म्हणजे एकाच पेटीत दोन बाजूंना दोन आकडे दिसणार, मीटर बिघडलेला नाही. थंड बाजूला ६० ते ७० धरा, गरम बाजूला थोडं कमी चालतं, आणि कात जवळ आली की थंड बाजू ७० ते ७५.

७. अंथरूण आणि पाणी

आता मुख्य काम. कोकोपीटची ५ किलोची वीट नर्सरीत मिळते, भिजवून ती साधारण ७० लिटर होते, ४ बाय २ च्या पेटीत ४ इंचाचा थर जेमतेम भरतो. घेताना खत मिसळलेलं नाही ना हे विचारा. एकदा धुऊन पिळून घ्या, काही विटांमध्ये मीठ जास्त असतं. त्यात एक तृतीयांश सोडणाचे तुकडे मिसळले की धूळही कमी उडते आणि थर दाबून बसत नाही. काथ्याचे लांब धागे मात्र निवडून काढा, भक्ष्याबरोबर पोटात जायला नकोत. पाइन आणि देवदाराचा भुसा नको, त्यातलं तेल सापाच्या श्वासाला बाधतं.

आता पाणी. वरून शिंपडायचं नाही. चारही कोपऱ्यांत, भिंतीला लागून, हळूहळू कोमट पाणी ओतायचं, मोठ्या पेटीत अर्धा ते एक लिटर, ते खाली जाऊन पसरतं, वरचा इंचभर थर दुसऱ्या दिवशीपर्यंत कोरडा होतो आणि खालचा थर हळूहळू ओलावा सोडत राहतो. तपासायला खालच्या थरातली मूठ घेऊन दाबा, लाडू वळला पाहिजे पण बोटांतून पाणी गळायला नको. पाणी तळाशी साठून वास आला तर जास्त झालं, तो भाग काढून टाका.

स्प्रेने काय होतं तर आकडा पटकन ९० वर जातो, दोन तासांत परत ४५, आणि दरम्यान साप ओल्यावर झोपलेला असतो, म्हणजे दोन्हीकडून नुकसान. सतत ओली जमीन आणि त्यात थंडी, यातून पोटाचे खवले सडतात आणि छातीचं इन्फेक्शन होतं. ऊबदार दमट चालतं, थंड ओलं चालत नाही.

पाण्याचं भांडं जागेवरून हलवूनही आकडा बदलता येतो. थंड बाजूला असतं तेव्हा कमी वाफ, मधोमध आणलं की जास्त.

८. ऋतूप्रमाणे बदल

परदेशी व्हिडिओ बघून सेटअप करणारे इथे अडकतात, कारण आपल्याकडे एकाच वर्षात दोन टोकं असतात.

मार्च ते मे, पुणे, नाशिक, संभाजीनगर, विदर्भ: हवा खडखडीत. जाळी जास्त झाका, पाणी आठवड्यातून दोनदा. विदर्भात खोलीच ४० अंशावर जाते, तिथे हीटर बंद, पेटी तळमजल्याच्या सगळ्यात गार खोलीत, आणि खोलीत पाण्याचा कूलर, झोत थेट पेटीवर नको. कूलरने गारवा आणि ओलावा दोन्ही मिळतात. एसी लावलात तर तो हवा कोरडी करतो, त्या दिवसांत मीटरकडे जास्त लक्ष.

जून ते सप्टेंबर, सगळीकडे, आणि मुंबई-कोकण-गोव्यात तर फारच: बाहेर ८५-९० टक्के. लोक घाबरून हीटर बंद करतात, "गरमी नाहीये ना आता" म्हणून पाणीही काढतात. हीटर बंद करू नका, तोच तुमचा उपाय आहे. २६ अंशाची ८८ टक्के ओलाव्याची हवा ३१ पर्यंत तापली की आपोआप ६६ च्या आसपास येते. कोपऱ्यात पाणी घालणं थांबवा, जाळी उघडी करा, थराची जाडी निम्मी करा, पांढरी बुरशी दिसली की तेवढं उचलून टाका. तरीही आकडा ८० च्या खाली येत नसेल तर खोलीत पंखा हळू ठेवा.

हिवाळ्यात पुण्या-नाशकात खोली रात्री २० च्या खाली जाते, हीटर जास्त चालतो आणि पेटी सुकते. पाणी वाढवा पण नेहमी कोमट, आणि सकाळी घाला, रात्री नाही.

लाईट जाते तेव्हा हीटर इन्व्हर्टरवर असेल तर उत्तम. नसेल तर गरम पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून आत आणि पेटीवर ब्लँकेट, हवेची भोकं मोकळी ठेवून.

९. लपणं

दोन्ही बाजूंना एकसारखं लपण हवं, नाहीतर साप सुरक्षित वाटतं म्हणून एकाच बाजूला बसतो, मग तिथे गरम होवो की थंड. आकार एवढाच की वेटोळं घातल्यावर अंग भिंतींना टेकेल. मातीची कुंडी पालथी घालून तोंडाशी तुकडा काढला, कडा कानसीने घासल्या, की झालं, आणि माती ओलावा धरते हा फायदा वेगळा. तिसरा डबा ओल्या, पिळलेल्या मॉसचा, झाकणाला भोक पाडून. हा मधोमध. सापाला कात टाकायची असली की तो स्वतःहून त्यात जाऊन बसतो. साप रोजच त्यात बसायला लागला तर बाकीची पेटी कोरडी पडलीये असं समजा.

१०. रिकामी पेटी आठवडाभर चालवा

सगळं लावून हीटर सुरू करा आणि सकाळ, दुपार, रात्र असे तीन वेळा चारही आकडे वहीत लिहा. दोन बाजूंचं तापमान, दोन बाजूंचा ओलावा. या आठवड्यात थर्मोस्टॅट कुठे चुकतो, पाणी किती दिवसांनी घालावं लागतं, दुपारी खोली किती तापते हे सगळं कळतं. साप आत असताना हेच प्रयोग केले तर ते त्याच्या अंगावर होतात. तीन दिवस सलग आकडे पट्ट्यात राहिले की मगच साप आणा.

आणल्यावर आठवडाभर हातात घेऊ नका, पाहुण्यांना दाखवू नका, फक्त पाणी बदला. पहिले काही दिवस खात नाही म्हणून घाबरू नका. पेटीत हात घातल्यावर प्रत्येक वेळी साबणाने हात धुवा, लहान मुलांनी तर नक्कीच, सापांच्या अंगावर साल्मोनेला हा माणसाला आजारी पाडणारा जंतू असू शकतो.

११. कात, म्हणजे तुमच्या ओलाव्याची परीक्षा

आधी पोट गुलाबीसर होतं, रंग मळकट पडतो, मग डोळे दुधाळ निळे होतात, मग परत स्वच्छ होतात आणि त्यानंतर थोड्या दिवसांत कात निघते. डोळे निळे दिसले की पाणी घाला, मॉस ओलं करा, हातात घेऊ नका, खायला देऊ नका. चांगली कात मोज्यासारखी एकसंध निघते. ती उजेडात धरून बघा, शेपटीचं टोक आहे का, दोन्ही डोळ्यांच्या गोल चकत्या आहेत का.

तुकडे राहिले तर टबमध्ये ओला कोमट टॉवेल घाला, साप त्यात सोडा, हवेची भोकं असलेलं झाकण लावा, अर्धा तास, तुम्ही समोर बसून. टॉवेलातून सरकतानाच बरंच निघतं. शेपटीच्या टोकाला कडं राहिलं तर दुर्लक्ष करू नका, ते आवळून टोक मरतं. डोळ्यावरचं आवरण राहिलं तर चिमटा, टेप, नख काहीही लावायचं नाही, खालच्या डोळ्याला कायमची इजा होऊ शकते. ओलावा वाढवून पुढच्या कातीची वाट बघा, बहुतेक वेळा तिच्याबरोबर जुनंही निघतं, नाही निघालं तर डॉक्टर. आणि सापांना तपासणारा पशुवैद्य तुमच्या शहरात कोण आहे हे आत्ताच फोन करून विचारून ठेवा, कारण कुत्र्या-मांजरांचे सगळेच डॉक्टर साप बघत नाहीत, आणि नाकातोंडातून बुडबुडे येणं, श्वासाला शिट्टीसारखा आवाज, मान वर ताणून बसणं यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी जावं लागतं.